टेबलावरचं हृदय

मित्रांनो, मी एक जुनं हृदय आहे. घाबरू नका, प्लास्टिकचं आहे. साच्यातून निघालो, लाल-निळा रंग चढला आणि हृदयाची ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर येऊन बसलो. मध्यंतरी भिंतीवर हृदयाची चित्रं दाखवणारा मोठा पडदा आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. चार महिने फायलींखाली पडून होतो, कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. पण पेशंटला हातात धरायला काहीतरी लागतं, म्हणून बाईंनी मला परत काढलं.

एका सकाळी सत्तरीला टेकलेले टेलरमास्तर आले, सोबत बायको. त्यांच्या हृदयातली एक झडप आखडली होती. मशीनवर बसल्या बसल्या घेरी यायची. झडप बदलायची हे नक्की होतं, कुठल्या वाटेनं ते ठरायचं होतं.

बाईंनी माझं झाकण काढून तिन्ही वाटा समजावल्या. छातीचं हाड मधोमध उघडलं तर सगळं नीट दिसतं, पण हाड जुळायला दोन-तीन महिने जातात. बरगड्यांमधून छोटा छेद दिला तर माणूस लवकर उठतो, पण आत हात चालवायला जागा कमी. तिसरी वाट जांघेतल्या रक्तवाहिनीतून. बारीक नळीनं नवी झडप वर न्यायची आणि दोन-चार दिवसांत घरी. मात्र पायाच्या वाहिन्या धड हव्यात.

मास्तरांनी लगेच तिसरी वाट धरली. बायको चुळबुळली.

“अहो, पायाचं सांगा की.”

मास्तरांनी डोळे वटारले आणि मला असं आवळलं की माझा चुराच व्हायचा. शेवटी म्हणाले, “चालताना पोटऱ्या भरून येतात. हिला संशय होताच, पण मी कबूल केलं असतं तर हिनं मशीन विकली असती.”

पायानं चालवायची मशीन होती ती, चाळीस वर्षं घर तिच्यावर चाललेलं. तरी मला रागच आला. छाती दाखवायला आलेला माणूस पाय लपवून बसला होता!

स्कॅन झाला. पायाच्या वाहिन्या खरंच अरुंद निघाल्या, तिथून नळी नेणं धोक्याचं होतं. मग बरगड्यांमधली वाट ठरली. आत नीट दिसलं नाही तर छेद वाढवावा लागेल, असं बाईंनी आधीच सांगितलं.

“वाढवा की,” मास्तर म्हणाले. “कापड वाचवायच्या नादात बाही आखूड शिवणारा मी नाही.”

ऑपरेशनच्या दिवशी बाई दुपारी खोलीत आल्या, खुर्चीत टेकल्या आणि कपभर चहा गरम असतानाच प्यायल्या. त्यांचा चहा नेहमी गार होतो. ऑपरेशन नीट झालं हे तेव्हाच मी ओळखलं आणि मला अगदी हायसं वाटलं.

दीड महिन्यानं मास्तर एकटेच आत आले. बाईंनी बायकोची चौकशी केली.

“येतेय मागून,” ते म्हणाले. “जिन्यात दम लागला तिला.”

बाई इतक्या हसल्या की टेबल हललं आणि मीही.

मित्रांनो, माझं झाकण कुणीही काढावं, आतलं सगळं दिसतं. तुमच्या घरच्या माणसांना झाकण नसतं. कुठं दुखतंय ते त्यांना विचारा, आणि तुम्हाला कुणी विचारलं तर खरं सांगा.