तळ्याच्या नावाची बाटली

सर्जेरावानं गोजरबाईचा हात पिरगाळला, तेव्हा त्याच्या पदरात पडायचं होतं ते एवढंच: मे महिन्याचे उरलेले बावीस दिवस, गारखेड्याहून मोटारीतून येणारी चाळीस पोरं आणि तळ्यावर पोहायला शिकवणारे ‘सर’ ही पदवी. बारावीला दोनदा आपटलेल्या माणसाला ती कमी नव्हती.

गोजरबाई ग्रामपंचायतीसाठी पाणी तपासायची. औषध घातलेल्या बाटलीत पाणी भरायचं, उबेत ठेवायचं. दिवसभरात काळं पडलं, तर त्यात मैला आहे. तळ्याची बाटली डांबरासारखी निघाली, म्हणून तिनं काठावरच्या फळ्यावर ‘पोहू नये’ लिहिलं. संडासाच्या टाक्या उपसून आणलेला टँकर वरच्या नाल्यात कोण रिकामा करतो, ते लिहिलं नाही. तो टँकर सर्जेरावाचाच होता.

"पूस ते, मावशी."

"नाय पुसत."

त्यानं तिचं तोंड फळ्यावर आपटलं. मारतानाही मावशी म्हणायची रीत त्यानं सोडली नाही. तिचा नवरा कडुबा काठी घेऊन धावला. तीच काठी हिसकून सर्जेरावानं त्याच्या कोपरावर घातली. हाड मोडल्याचं पाण्यातल्या पोरांनाही ऐकू आलं.

"आता माझ्या विहिरीचं पाणी भर," कडुबाच्या मोडक्या हातावर पाय ठेवून तो म्हणाला, "अन् वर तळ्याचं नाव टाक."

"ते बी काळं पडलं तर?"

"घरचं पाणी हाय ते! आम्ही पितो!"

तिनं रक्त थुंकलं आणि बाटली भरून दिली. बाई ती बदलेल, एवढी अक्कल त्याला होती. त्यानं ती बाटली स्वतःच्याच अंगातल्या बंडीत, उबेत जपली. टँकर रिकामा होतो तो नाला आपल्याच विहिरीमागून वाहतो, हे कळण्याएवढी अक्कल मात्र नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरपंच आप्पासाहेब आणि पोरांच्या आईबापांसमोर त्यानं ऐटीत बाटली काढली. काळीकुट्ट.

"तळं बंद," आप्पासाहेब म्हणाले.

सर्जेरावानं बाटली पुन्हा बंडीत कोंबली. सुजलेल्या ओठांनी गोजरबाईनं त्याला हळूच विचारलं,

"तुझ्या बायकोला, तनुजाला, कितवा महिना लागला रं?"

"सातवा."

गोजरबाईचे दोन दात गेले. कडुबाचं कोपर अजून सरळ होत नाही. सर्जेरावाच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या बायकोचे डोळे पिवळे झाले. तनुजानं तर तळ्यात कधी पाऊलही घातलं नव्हतं.