तुळसाबाईंच्या आईचा धवला

कॉम्प्युटर चालू झाला नाही की लोक आधी त्याला थपडा मारतात आणि मग डोंबिवलीला माझ्या दुकानात आणतात. अठ्ठ्याण्णव साली माजिवड्याच्या तुळसाबाईंनी तेच केलं. मी भडकलोच. पण आत त्यांच्या आईने गायलेले लग्नाचे धवले होते. आई वारली होती आणि मूळ कॅसेटची फीतही तुटली होती.

मी हार्ड डिस्क काढून माझ्या मशीनला जोडली. तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू होत नव्हता, पण फायली शाबूत होत्या. एक लावली. स्पीकरमधून म्हातारीचा खणखणीत आवाज आला. तुळसाबाईंनी डोक्यावर पदर घेतला, डोळे पुसले आणि एकदम ओरडल्या, "बंद कर रं! लगनाबिगर धवला ऐकाचा नाय. आयस रागावंल."

मी बंद केला. "मग तुमच्या घरात लग्न कधी आहे?"

"सगल्यांची झायली."

"अहो, मग मी एवढी मरमर कशाला केली?"

तुळसाबाई गप्प झालेल्या स्पीकरकडे बघत बसल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"तुजा लगीन झायला का रं?"