इर्जिकीचं माप

श्रीनिवासराव गुलबर्ग्याहून मुडबीला आले तेव्हा त्यांच्या नोकरीला जेमतेम तीन वर्षं झाली होती, आणि तीन वर्षांच्या इंजिनियराइतका स्वतःवर खूश माणूस अख्ख्या म्हैसूर राज्यात शोधून सापडला नसता. गावाच्या वरच्या ओढ्यावर मातीचा तलाव बांधायचा होता. किती मजूर लागतील आणि काम किती महिन्यांत उरकेल, याचा आराखडा करायचं काम त्यांच्याकडे होतं. बाकीचे इंजिनियर पुस्तकातला आकडा उचलून मोकळे होत. श्रीनिवासरावांना ते कमीपणाचं वाटे. पुस्तकातला मजूर कुणी पाहिलाय? आपण मुडबीचा माणूस मोजायचा, असं त्यांनी ठरवलं. विचार चांगलाच होता, फक्त मोजायचा दिवस चुकला.

त्या दिवशी हरिबाच्या रानात इर्जिक होती. हरिबा तापानं अंथरुणाला खिळला असताना पावसात त्याच्या शेताचा बांध वाहून गेला होता, म्हणून अर्धं गाव कुदळी-टोपल्या घेऊन आलं होतं. इर्जिक म्हणजे मजुरी नव्हे. ज्याची अडचण त्याच्या रानात सगळ्यांनी एक दिवस राबायचं, त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, आणि उद्या आपल्यावर वेळ आली की त्यानं यायचं. भलरीच्या गाण्याच्या तालावर पुरुष खोदत होते, बायका माती वाहत होत्या. हरिबाची बायको चंद्रभागाबाई झाडाखाली चूल मांडून सगळ्यांसाठी गूळ घालून गव्हाची हुग्गी रांधत होती.

श्रीनिवासरावांनी खिशातून टेप काढला.

"काय मापायलाव साहेब?" हरिबानं विचारलं.

"तुमच्या गावाचं बळ."

झालं! हरिबाचा शेजारी धोंडप्पा खड्ड्यातूनच ओरडला, "आरं, साहेब आपल्याला मापायलाय! गावाची लाज राखा रे!" मग काय विचारता, माणसं इरेला पेटली. खोदताना खड्ड्यात मातीचा एक खुंट तसाच सोडतात. तो किती उंच उरला त्यावरून किती खोदलं ते कळतं. सांजेला तो खुंट कमरेच्या वर गेला होता.

"रोज असंच काम होतं?" श्रीनिवासराव चकित होऊन म्हणाले.

"मंग! मुडबीचं पाणीच तसं हाय," हरिबा म्हणाला. "कवाबी या, असंच दिसंल."

त्याला खोटं बोलायचं नव्हतं. आपल्यासाठी गाव एवढं राबलं म्हणून त्याचा ऊर भरून आला होता. श्रीनिवासरावांनी हुग्गी दोनदा मागून घेतली, त्या दिवसाचं काम जोड्यांच्या संख्येनं भागलं आणि आराखड्यात मांडलं: खोदणारा एक नि वाहणारी एक, दिवसाला एवढी माती. वरच्या साहेबांनी पाठ थोपटली. इतक्या थोड्या माणसांत तलाव!

सुगी सरल्यावर काम सुरू झालं. आराखड्यात होते तेवढेच मजूर मंजूर झाले. खुंट कमरेएवढा झाला नाही, तर हजेरी अर्धी. पहिले काही दिवस लोकांनी रेटून नेलं. पण इर्जिक एका दिवसाची असते, दुसऱ्या दिवशी माणूस ओट्यावर पाय पसरून बसतो. तो दुसरा दिवस आराखड्यात कुठेच नव्हता. उन्हानं माती दगड झाली, बायकांच्या माना आखडल्या, आणि सरकारी कामावर भलरी कोण म्हणणार? खुंट गुडघ्यावर येऊन थांबू लागला.

लोक साहेबाला काही बोलले नाहीत. ते हरिबाच्या दारात गेले.

"तूच सांगितलास न्हवं, रोज असंच राबताव म्हणून?" धोंडप्पा म्हणाला. "तुज्यासाठी राबलो, आन् तूच आमच्या मानंवर जू ठेवलास."

दुसऱ्या दिवशी हरिबा साहेबांच्या तंबूवर आला. "साहेब, ते माप उतरवा. ते इर्जिकीचं हाय, रोजच्या कामाचं न्हाई."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कामून सांगू? पाव्हण्यापुढं घरचं उणं कुणी सांगतंय का?" हरिबा खाली बघत म्हणाला. "लोकं माज्या हातचं पाणी घीनात साहेब. एवढं करा."

श्रीनिवासरावांना पटलं होतं. माप चुकलं, मजूर वाढवा, एवढंच वर कळवायचं होतं. पण ते माप आता नमुना म्हणून दुसऱ्या कामांवरही गेलं होतं, आणि त्यांच्या बढतीचं घाटत होतं. ते म्हणाले, "बघतो." सरकारी माणसाचं 'बघतो' हरिबाला चांगलं ठाऊक होतं. तो रामराम घालून निघून गेला.

मग हरिबानं वेड्यासारखं केलं. दिलेला शब्द खरा करायचा म्हणून तो आणि चंद्रभागाबाई दिवस उगवायच्या आधीपासून तलावावर राबू लागले आणि रोज माप पुरं करू लागले. त्यानं गाव निवेल असं त्याला वाटलं. गाव जास्तच भडकलं, कारण त्या दोघांमुळे साहेबाचं माप खरं ठरत होतं. पावसाच्या तोंडावर हरिबाची कंबर धरली ती कायमची. शेवटी बाहेरून टोळ्या आणून तलाव रडतखडत पुरा झाला, आणि श्रीनिवासराव बढतीवर गुलबर्ग्याला गेले.

राज्याचं नाव बदललं, श्रीनिवासरावांचे केस पिकले, हाताखाली माणसं आली. पुढं कुठल्याही आराखड्यात मजुरांचा रकाना आला की त्यांना हुग्गीची चव आठवे आणि तोंड कडू होई. एक कागद लिहिला असता तर काय बिघडलं असतं? बढती वर्षभर लांबली असती, एवढंच.

निवृत्तीच्या आदल्या साली ते मुडबीला गेले. हरिबा रानातच भेटला. तोच बांध पुन्हा फुटला होता. पार वाकलेला हरिबा बसूनच माती ओढत होता आणि म्हातारी चंद्रभागाबाई टोपलीनं ती वाहत होती.

"हरिबा, इर्जिक घाला की," श्रीनिवासराव म्हणाले.

"आता इर्जिक कुठली साहेब? तलावानंतर मोडली ती. लोकं म्हणतेत, मिळून राबलं की कुणीतरी मापायला येतंय." हरिबानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "टेप आणलाव का?"

"नाही."

"मंग उचला टोपली."

श्रीनिवासरावांनी बूट काढले आणि टोपली उचलली. थोड्याच फेऱ्यांत धाप लागली, पण ते थांबले नाहीत. बाजाराहून परतणारी माणसं वाटेवर घुटमळली. त्यात धोंडप्पाही होता. हरिबा कुदळ टेकून त्यांच्याकडे बघत राहिला. चंद्रभागाबाईनं पदर सावरला आणि इतक्या माणसांना पुरेल एवढा गूळ घरात आहे का, ते मनाशी आठवू लागली.

धोंडप्पानं डोक्यावरचं गाठोडं सारखं केलं आणि तो चालू लागला. बाकीचे त्याच्यामागून गेले.