दहा वेळा

दातांनी चावून चपटं झालेलं लाल पेनाचं टोपण – ते पुन्हा तोंडाकडे नेता नेता एलिश्बा टीचरांचा हात थांबला, कारण समोरच्या बाकावर जिन्सी येऊन बसली होती. ती येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. खरं तर येऊ नये असंच वाटत होतं.

काल सकाळी माशाचं कालवण ढवळताना त्यांनी इंग्रजीच्या क्लासच्या ग्रुपवरचा तिचा निरोप वाचला – वाचला कसला, तपासला. ग्रुपवर इंग्रजीतच लिहायचं, चूक टीचरांनी दाखवायची, बाकीच्यांनी अंगठा द्यायचा आणि चुकणारीनं ते वाक्य दहा वेळा लिहून आणायचं – कोट्टयमच्या या दोन खोल्यांतून शंभर पोरी नर्स होऊन आयर्लंडला गेल्या त्या याच शिस्तीवर. जिन्सीनं लिहिलं होतं, 'आय सॉ माय फादर्स डेथ इन फेसबुक.' टीचरांनी ठोकून दिलं, 'इन नव्हे, ऑन. दहा वेळा.' मागोमाग एकतीस अंगठे... पोरींनीही वाचलं नसेल? की वाचलं आणि भ्यायल्या? वडील मस्कतला ट्रक चालवायचे. परीक्षा तोंडावर म्हणून घरच्यांनी हॉस्टेलवर कळवलंच नाही, आणि चर्चच्या पानावर कुणीतरी हार घातलेला फोटो टाकून मोकळं झालं.

पण चूक ती चूक. आमच्या मलयाळममध्ये 'इन' काय, 'ऑन' काय, घराला आणि फेसबुकला प्रत्ययाचं एकच शेपूट लागतं, पोरी तिथेच घसरतात... अर्ध्या गुणानं वर्ष बुडालं की मग रडत कुणाकडे येतात? स्वतःच्या लेकीलाही त्यांनी सोडलं नव्हतं. डब्लिनहून तिचं एकदा लांबलचक पत्र आलं होतं, एकटं वाटतं म्हणून – ते मी तपासून परत पाठवलं. तेव्हापासून ती नुसता अंगठा पाठवते.

"कशाला आलीस गं? घरी जायचंस ना."

"त्यांना आणायला चार दिवस लागतील, टीचर. आई म्हणाली, परीक्षा दे, पप्पांची तीच इच्छा होती." तिनं वही पुढे सरकवली. "दहा वेळा लिहिलंय."

टोमणा असता तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर नुसता आज्ञाधारकपणा होता, आणि तोच टीचरांना झोंबला.

क्षमा मागायची होती. कालपासून शब्द जुळवून ठेवले होते – वही मिटायची, तिला जवळ घ्यायचं, म्हणायचं, पोरी, चुकलं माझं... पण नजर वहीवर गेलीच. एक ओळ, दोन, पाच. बाप मेला, बाप मेला, सुबक अक्षरात. आठव्या ओळीवर थेंब पडून शाई फुटली होती आणि त्याच्यापुढे पुन्हा 'इन' आलं होतं.

थेंब दिसला मला. दिसला, पण नंतर. आधी 'इन' दिसलं.

टोपण केव्हाच दातांत गेलं होतं. जिन्सी माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, पेनाकडे बघत होती. मीही पेनाकडेच बघत होते – आता हा हात काय करतो म्हणून.