राखलेलं गवत

रनाळ्याच्या माळावर विमान चालवायला शिकवायची धावपट्टी झाली, तेव्हापासून तिच्या कडेचं गवत सिंधुबाईच्या हाती. सहा वर्षं. गुडघाभर वाढू द्यायचं, त्याच्यावर गेलं की शेंडे छाटायचे, बस. कारण टिटवी उंच गवतात बसत नाही. चहूकडे नजर गेल्याशिवाय तिला चैनच पडत नाही. हे माळावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण साहेबाला नाही.

साहेब नवा, पुण्याचा. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या कुणा बाईंचं पत्र आलं होतं: धावपट्टीलगतचं गवत राखावं. आता आपल्याकडे गवत राखणं म्हणजे काय? विळा लावायचा नाही, गुरं घालायची नाहीत, उभं ठेवायचं. साहेबानं अर्थ काढला, टापटीप राखा. मशीन मागवलं आणि माळाची पार हजामत करायचा हुकूम सोडला.

"साहेब, कापू नका. भुंडा माळवर टिटव्या येतीन," सिंधुबाई म्हणाली.

"मावशी, धावपट्टी मी सांभाळतो की तुम्ही?"

आठवड्यात टिटव्यांचा बाजार भरला. किडे उघड्यावर पडलेले, त्यांची चंगळच झाली. आणि बुधवारी रुचिका नावाची शिकाऊ मुलगी विमान उतरवत असताना एक टिटवी काच फोडून आत आली. पोरीनं रक्ताळल्या डोळ्यानं विमान खाली आणलं, म्हणून वाचली. भुवईला सात टाके पडले.

चौकशी लागली. साहेबानं टाइप केलेला जबाब सिंधुबाईपुढे सरकवला: 'मी गवत राखले नाही, त्यामुळे पक्षी आले.' तिला वाचता येतं हे त्याच्या गावीही नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं हिनं पट्टीवर टिटवी टिकू दिली नाही, आणि त्या पोरीच्या रक्ताचं पाप हिच्याच माथी मारायचं? लाज कशी वाटत नाही या माणसाला!

"सही करा. नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नका."

तिनं पेन घेतलं. 'नाही' हा शब्द खोडला. त्याच्याच जागी, वर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'साहेबांनी कापले'. मग सही केली.

साहेबानं कागद ओढून वाचला. कान लाल झाले त्याचे. "हा वाया घालवलात. दुसरा काढतो."

"काढा ना," सिंधुबाई म्हणाली. "काम गयं ते गयं. जितला कागद काढशात, त्या समदावर हाईच लिखसू."