पावसाळ्यात कोणी न मरणारे गाव

मित्रांनो, मी एक जुनी, निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. उत्तर घानातल्या नदीकाठच्या एका खेड्यात कोण जन्मले, कोण गेले, ते माझ्यात लिहिलेले आहे. एवढे लिहून घेऊनही मला मरण नीट कळलेले नाही, हे आधीच सांगते.

शहरातल्या छापखान्यात मला शिवले. मग मी आयारिगाकडे आले. गावात चांगले लिहिता येणारा तोच. मला सायकलला बांधून तो घरोघर जाई आणि विचारी, "काय, नवीन कोण आलं? कोण गेलं?" त्याची बायको अतिपोका म्हणायची, "लोकांची मरणं विचारत हिंडतोस, आधी दोन घास खा!" पण पिठाचे हात पुसल्याशिवाय तिने मला कधी हात लावला नाही.

दर तीन महिन्यांनी कचेरीतून बायोर माझी पाने उतरवून न्यायला येई. तो दगाबा, आयारिगा फ्राफ्रा. या दोन जमातींचे थट्टेचे नाते; पूर्वी कुत्र्याचे मुंडके कोणी लांबवले, यावरून एकमेकांना चिडवायचे. "मुंडकंचोरा, वही आण!" तो दारातूनच ओरडे. "कुत्र्याचं मुंडकं तुझ्या आज्यानं खाल्लं, आम्हाला हाडंच उरली," आयारिगा म्हणे.

कचेरीत माझ्यावरून गावाचे सरासरी आयुष्य काढत. ते एकसष्ट वर्षे निघाले. मी बुचकळ्यात पडले. माझ्यात दोन दिवसांचे बाळ होते, नव्वदीची म्हातारी होती. एकसष्टचे कोणीच नव्हते.

पावसात नदी चढली की दवाखाना पलीकडे राही. गावाने होडी मागितली. माझी पाने पाहून वरच्यांनी नकार दिला.

"पावसाळ्यात तुमच्यात कोणी मरतच नाही," बायोर हसला. "मरणाला सुट्टी देता की काय?"

आयारिगाही हसला. त्यात काय चुकले, ते त्याला कळले नाही. मलाही नाही. त्याच्या गावात उत्तरकार्य होऊन बाईचा वापरातला भोपळ्याचा तुंबा फोडेपर्यंत ती 'गेली' असे कोणी म्हणत नाही. उत्तरकार्य कापणीनंतर, कोरड्या महिन्यांत होते; कधी चार वर्षेही राहून जाते. लोक सांगत, तोच दिवस तो लिही.

पुढच्या पावसात अतिपोकाला ताप चढला. नदी दुथडी भरली होती. चार दिवस आयारिगा काठावर जाऊन पाणी बघून येई. पाचव्या दिवशी तो गेला नाही.

पाणी ओसरल्यावर बायोर आला. शोकाच्या घरीही थट्टा करायची, अशी त्यांची रीत. "कुठं लपवलीस तिला? तुझ्यापेक्षा मी बरा नांदवीन!" तेव्हा कुठे आयारिगा रडला.

मग बायोरने मला उघडले. "लिहिलं नाहीस?"

"तुंबा भिंतीवरच आहे तिचा. कापणीनंतर लिहीन."

"मग ती कोरड्या महिन्यात गेली असं होईल. आणि होडी याही वेळी मिळणार नाही."

आयारिगाने माझी मागची पाने उलटून पाहिली. "म्हणजे होडी मीच अडवली?"

"तुला कोणी सांगितलंच नाही रे," बायोर हळूच म्हणाला.

आयारिगाने लेखणी घेतली. अतिपोका. ऑगस्ट, अकरा. वयाशी तो अडला. "टोळधाडीच्या साली जन्मली म्हणायची," एवढेच म्हणाला.

मग तो पुन्हा घरोघर गेला. आता विचारी, "श्वास कधी थांबला?" माझ्यात खाडाखोड झाली, पाने फाटली. उत्तरकार्य न झाल्याने राहिलेली नावे आली. गावाचे आयुष्य एकसष्टवरून चोपन्नावर आले, आणि त्या दिवशी तर गावात कोणीही मेले नव्हते! मी पुन्हा गोंधळले. पण दोन वर्षांनी होडी आली.

आता मी पेटीत असते. अतिपोकाच्या नावापुढे दोन तारखा आहेत, श्वासाची आणि तुंब्याची. आयारिगा कधीकधी मला काढतो आणि दोन्हींवर बोट फिरवतो. ती नक्की कधी गेली, ते त्याला ठरवता येत नाही. मलाही नाही.

मित्रांनो, तुमचे कोणी गेले, तर रडा. पण तो दिवस खरा लिहून ठेवा. काठावर अजून कोणीतरी पाणी बघत उभे असते.