गार जीभ आणि गरम श्वास

मी एक जुना थर्मामीटर आहे. काचेचा, पोटात पारा बाळगणारा. नव्या बॅटरीवाल्या भावंडांसारखा मी पीं-पीं करत नाही. मला वाचायचं तर उजेडाकडे तोंड करून, मला तिरपं धरून, डोळे बारीक करावे लागतात. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी थोडा भोचक आहे. ज्याचा जन्मच दुसऱ्याच्या तोंडात जायला झाला, तो भोचक नसेल तर काय असेल?

एका कारखान्यात ज्योतीवर माझी नळी ओढली गेली. पोटात पारा भरला, अंगावर बारीक रेघा आखल्या. माझ्या गळ्याशी नळी मुद्दाम अरुंद ठेवली आहे. त्यामुळे चढलेला पारा आपला आपण उतरत नाही, मला झटकावं लागतं. थोडक्यात, पाहिलेलं मी सहजासहजी विसरत नाही.

बनारसला पंचगंगा घाटाच्या वर, अरुंद गल्लीत वेदपाठी वेणीमाधवशास्त्री राहतात. त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाईंनी मला विकत आणलं. घर मराठी, पण बोलण्यात हिंदी अशी मिसळलेली की तापाला कधी ताप म्हणत, कधी बुखार, आणि जरा कणकण असली की हरारत. त्यांची लेक ऋता लहानपणी मला चावायची. मी फुटलो नाही हे माझं नशीब. शास्त्रींकडे शिकायला येणारी मुलंही आजारी पडली की माझ्याकडे येत. कुणाच्या जिभेखाली पेढा लपलेला, कुणाच्या जिभेवर कात. मला भारी मौज वाटायची. अन्नपूर्णाबाई म्हणत, हा खोटं बोलत नाही. पुढे ऋता बँकेत लागली, तिने बॅटरीवाला आणला आणि माझी रवानगी फडताळात झाली.

सगळ्या घरात एकच जीभ मी कधी पाहिली नव्हती, शास्त्रींची. मी पडलो दहा जणांचा उष्टा! मला ते जवळही येऊ देत नसत. त्यामुळे तर मला त्यांचीच जास्त उत्सुकता.

कार्तिक आला. घाटावर बांबूंच्या टोकांना आकाशदिवे चढू लागले. महिनाभर पहाटे गंगास्नान आणि मग पाठ, हा शास्त्रींचा नेम. एका संध्याकाळी दिवा चढवताना बांबूचं कुसळ त्यांच्या पायाच्या बोटात गेलं. त्यांना साखरेचा आजार, पायांना बधिरपणा. दुखलंच नाही, मग लक्ष कोण देतो? हळद लावली आणि विषय संपला.

काही दिवसांनी त्यांना हुडहुडी भरू लागली. पहाटेच्या पाण्याची थंडी असेल, असं सगळ्यांना वाटलं. काढा झाला, दुलई झाली. शेवटी ऋताने हट्टच धरला, ताप मोजा. बॅटरीवाल्याची बॅटरी संपलेली. म्हणून माझी आठवण झाली. बघा, वेळ कुणावर कशी येते!

पण शास्त्रींची अट होती. मला आधी गंगाजळात बुडवायचं, आणि तेही स्नान करून, आचमन करून बसल्यावरच तोंडात घेणार. मग मी गेलो त्या जिभेखाली. जीभ गार! तांब्यातलं पाणी नुकतंच घशाखाली उतरलेलं. आणि नाकातून माझ्या अंगावर येणारा श्वास मात्र चुलीजवळ बसल्यासारखा गरम. हे काय गौडबंगाल, मला कळेना. नीट शोध घ्यावा म्हटलं, तर पाठाला उशीर होतो म्हणून त्यांनी मला लगेच बाहेर काढलं. पारा नव्याण्णवच्या आसपास. ‘हरारत आहे फक्त,’ असं म्हणून ते पाठाला बसले. रोज हेच. मी घसा फाडून ओरडलो असतो हो, पण माझ्या गळ्याशी ती अरुंद जागा, आणि आवाज तर मुळातच नाही.

मग एके सकाळी अन्नपूर्णाबाई स्वयंपाकघरातून हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या. शास्त्री एकाच ओळीवर अडकले होते. तीच ओळ म्हणत, पुन्हा तीच म्हणत, पुढची सापडत नव्हती. ज्या माणसाचा स्वर उभ्या आयुष्यात हलला नव्हता!

अन्नपूर्णाबाई ऋताला म्हणाल्या, “आज ते चुकले. मला नाही हे बरं दिसत.”

ऋताने शास्त्रींना हाक मारली, तर ते तिला बकुळ म्हणाले. बकुळ ही त्यांची बहीण, तिला जाऊन वर्षं झालेली. श्वास भरभर चाललेला. धोतर वर केलं तर पाऊल सुजून लाल झालेलं आणि लाली पोटरीपर्यंत चढलेली. ऋताने मला कोरडं पुसलं आणि त्यांच्या काखेत घट्ट धरलं. ना आचमन, ना स्नान. पारा एकशेतीनच्या पुढे गेला. गौडबंगाल सुटलं, पण मला आनंद कसा व्हावा?

पाठ पूर्ण केल्याशिवाय उठणार नाही, असं शास्त्री पुटपुटत होते. अन्नपूर्णाबाई समोर बसल्या. “पाठ मी देवाला सांगून थांबवते,” त्या म्हणाल्या, “पण तुम्हीच निघालात, तर तुम्हाला थांबवायला मी कुणाला सांगू?” शिकायला आलेल्या मुलांनी त्यांना खुर्चीवर बसवून गल्लीतून रस्त्यापर्यंत नेलं. मी ऋताच्या पर्समध्ये होतो.

रुग्णालयात डॉक्टर मधुवंती यांनी पाय पाहिला आणि एक क्षणही दवडला नाही. विष रक्तात उतरू लागलं होतं. एक बोट गेलं, पण पाय वाचला, शास्त्री वाचले. डॉक्टरांनी ऋताला समजावलं ते मी पर्समधून कान देऊन ऐकलं. मोठ्या माणसाचा ताप एकशेतीनवर गेला, किंवा तीन दिवसांत उतरला नाही, तर दाखवायला यायचं. पण भान हरपलं, श्वास लागला, मान आखडली, असह्य डोकं दुखलं, उलट्या थांबेनात, तर आकडा बघत बसायचंच नाही, तडक निघायचं. ज्यांना साखर आहे, ज्यांचं वय झालंय, त्यांच्या अंगात मोठं दुखणं असूनही ताप कमी दिसू शकतो. जखमेची लाली पसरू लागली, तर तेवढंही कारण पुरे. आणि तोंडात मोजायचं, तर काही खाल्ल्या-प्यायल्यावर अर्धा तास थांबायचं.

म्हणून मित्रांनो, मला जपून ठेवा, फुटलो तर माझ्या पाऱ्याला हात लावू नका, आणि माझं जरूर ऐका. पण मी जिभेखालच्या इवल्याशा जागेतलंच सांगतो. बाकीचा माणूस तुम्हालाच बघायचा आहे.

परवा शास्त्रींचं अंग मोडून आलं. स्नान व्हायचं होतं. त्यांनी स्वतः मला मागितलं. अन्नपूर्णाबाई गंगाजळाकडे वळल्या, तर म्हणाले, साध्या पाण्याने धू, उष्टा तर उष्टा. त्यांची जीभ मला पहिल्यांदाच तिच्या खऱ्या उबेत भेटली. पारा अठ्ठ्याण्णवच्या जरा पुढे थांबला. त्यांनी खुशीत मला बाईंसमोर धरलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जमिनीवर बसून त्या म्हणाल्या, “ते राहू द्या. आधी पाय दाखवा.”

शास्त्रींनी चार बोटांचं पाऊल पुढे केलं.